मराठी माध्यमातून कॉलेजात आल्यावर इंग्रजी कसं पक्कं करायचं: पहिल्या सेमिस्टरचा क्रम

एफवायचे वर्ग सुरू झाले की महिन्याभरात मराठी माध्यमातून आलेली बरीच मुलं-मुली एकच वाट धरतात. लेक्चर डोक्यावरून जातं म्हणून स्पोकन इंग्लिशचा क्लास लावतात, जोडीला व्याकरणाचं जाडजूड पुस्तक घेतात आणि शाळेत शिकलेल्या त्याच बारा काळांपाशी पुन्हा येऊन बसतात. दिवाळीपर्यंत क्लास सुटतो, पुस्तक अर्ध्यावर राहतं आणि परीक्षा तोंडावर येते. मेहनत भरपूर झालेली असते, पण तिचा क्रम उलटा असतो.

तुमचं इंग्रजी तुमच्या विषयातून सुरू करा. आधी विषयाचं वाचन, मग ऐकणं, मग लिहिणं आणि शेवटी बोलणं. विषय थोडाफार माहीत असतो, त्यामुळे अर्धा अर्थ आधीच हातात असतो. शिवाय तेच शब्द लेक्चरमध्ये, प्रश्नपत्रिकेत आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये पुन्हा पुन्हा भेटतात. हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची याचे संवाद पाठ करून डिसेंबरच्या पेपरला काहीही उपयोग होत नाही.

खालच्या पायऱ्या बीएस्सी, बीकॉम, इंजिनिअरिंग, फार्मसी अशा कोणत्याही शाखेला चालतील. सोयीसाठी इथे इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. तुम्ही वहीत मात्र रोमन लिपीतच लिहा, नाहीतर स्पेलिंग कधीच बसणार नाही.

## आधीची तयारी

एकच विषय निवडा. ज्याची तुम्हाला सर्वांत कमी भीती वाटते तो. सगळ्या विषयांचं इंग्रजी एकदम सुधारायला गेलात तर एकाही विषयात शब्द पक्के होत नाहीत.

त्या विषयाचं नेमलेलं एक पुस्तक, मागच्या तीन वर्षांच्या विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका आणि दोनशे पानी एक वही गोळा करा. बाजारातल्या गाइडवर भागवू नका. तिथली वाक्यं अनेकदा तुटक असतात आणि तीच सवय तुमच्या हाताला लागते.

बालभारतीची नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत निघतात आणि ई-बालभारतीवरून त्यांच्या पीडीएफ फुकट उतरवून घेता येतात. कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनी इतिहास किंवा भूगोल घ्यावा. दोन्ही प्रती फोनवर ठेवा.

शब्दकोश दोन लागतील. मराठी अर्थ देणारा एक, आणि परभाषक विद्यार्थ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी एक. हे दुसरे कोश सोप्या इंग्रजीत अर्थ सांगतात. लाँगमनच्या विद्यार्थी-शब्दकोशात तर सगळे अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांतच लिहिलेले असतात. असे कोश ऑनलाइन फुकट पाहता येतात आणि उच्चारही ऐकवतात.

एक जोडीदार शोधा. रूम पार्टनर असो, एसटीत रोज सोबत येणारी मैत्रीण असो. फार हुशार नको, नियमित हवा.

वेळ रोज पाऊण तास. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा रोजचा पाऊण तास कितीतरी जास्त देतो, कारण आज पाहिलेला शब्द उद्या आणि परवा पुन्हा दिसला तरच टिकतो.

तपासा: तुम्ही कुठे आहात? नेमलेल्या पुस्तकाचं मधलंच एखादं पान उघडा आणि शंभर शब्दांचा तुकडा घ्या. ज्यांचा अर्थ सांगता येत नाही अशा शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढा. शंभरातले ९८ शब्द ओळखीचे असतील तर मजकूर कोशाशिवाय नीट समजतो, असं पॉल नेशन यांच्यासारख्या शब्दसंग्रहाच्या अभ्यासकांचं काम सांगतं. पाचपर्यंत रेघा आल्या तर थेट दुसऱ्या पायरीवर जा. त्याहून जास्त आल्या तर पहिली पायरी अजिबात गाळू नका. दहावीच्या पुस्तकाकडे परत जाण्यात कसलीही लाज नाही. पुढचं सगळं यावर उभं राहणार आहे.

## पायरी १: माहीत असलेला धडा इंग्रजीतून वाचा (पहिले तीन आठवडे)

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातला गुरुत्वाकर्षणाचा धडा घ्या. तो तुम्ही मराठीत शिकला आहात. आधी मराठी प्रतीतली दोन पानं वाचा, मग इंग्रजी प्रतीतली तीच दोन पानं. परिच्छेदाला परिच्छेद जुळतो, त्यामुळे कोश उघडायची गरज फार थोड्या वेळा पडते.

दुसऱ्यांदा वाचताना क्रम उलटा करा. आधी इंग्रजी, आणि अडलं तरच मराठी. तिसऱ्यांदा फक्त इंग्रजी, मोठ्याने.

या पायरीत वहीत काय लिहायचं? सुटे शब्द नकोत, शब्दांच्या जोड्या लिहा. ‘फोर्स’ एवढंच लिहून उपयोग नाही. ‘एग्झर्ट अ फोर्स ऑन’ असं पूर्ण लिहा, कारण पुढे उत्तर लिहिताना बल ‘लावण्यासाठी’ कोणतं क्रियापद आणि नंतर कोणता शब्दयोगी लागतो तिथेच हात अडतो. तसंच ‘डिपेंड्स ऑन’, ‘इज प्रपोर्शनल टू’, ‘कन्सिस्ट्स ऑफ’, ‘इज इक्वल टू’. एका धड्यातून अशा पंधरा-वीस जोड्या निघाल्या तर भरपूर.

सावधान: इंग्रजी ओळीच्या वर पेन्सिलने प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थ लिहीत सुटू नका. डोळा त्या मराठी शब्दांवरच जातो आणि इंग्रजी वाक्य वाचलंच जात नाही. अर्थ लिहायचाच असेल तर समासात, तोही एका परिच्छेदात दोनपेक्षा जास्त नको.

## पायरी २: कॉलेजच्या पुस्तकाचा एक धडा फोडा

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या.

धडा पहिल्या ओळीपासून वाचायला घेऊ नका. आधी शीर्षकं, आकृत्या, आकृत्यांखालच्या ओळी आणि धड्याच्या शेवटचे प्रश्न वाचा. मग पहिलं वाचन कोशाशिवाय, थांबायचं नाही. दुसऱ्या वाचनात अडलेल्या शब्दांखाली रेघ. तिसऱ्या वेळी कोश, पण रेघ ओढलेल्या प्रत्येक शब्दासाठी नाही. जो शब्द त्या धड्यात तीनदा तरी आला आहे किंवा ज्याच्यामुळे पूर्ण वाक्य अडलं आहे, तेवढेच शब्द पाहा.

आता सर्वांत मोठी चूक. मुलं विषयाच्या पारिभाषिक शब्दांमागे धावतात: रेझिस्टन्स, इक्विलिब्रियम, डिप्रिसिएशन. हे शब्द खरंतर फारसे अडवत नाहीत. त्यांची व्याख्या पुस्तकातच असते, सर फळ्यावरही लिहितात. वाक्य अडतं ते मधल्या जोडशब्दांपाशी. हे वाक्य पाहा:

‘द रेझिस्टन्स ऑफ अ कंडक्टर रिमेन्स कॉन्स्टंट, प्रोव्हायडेड दॅट इट्स टेम्परेचर डझ नॉट चेंज.’

‘प्रोव्हाइड’ म्हणजे पुरवणे हे शाळेत पाठ झालेलं असतं, म्हणून विद्यार्थी ‘तापमान पुरवलं तर’ असं काहीतरी लावून मोकळा होतो. इथे त्याचा अर्थ आहे ‘या अटीवर की’. म्हणजे तापमान बदलणार नसेल, तरच रोध स्थिर राहील. ही अट सुटली की नियमाची व्याख्या चुकते आणि मार्क जातात. विद्यार्थ्याला वाटतं, आपलं फिजिक्स कच्चं आहे.

म्हणून वहीत एक स्वतंत्र भाग फक्त अशा शब्दांसाठी ठेवा. अनलेस, व्हेअरॅज, हेन्स, देअरबाय, रिस्पेक्टिव्हली, रिगार्डलेस ऑफ, विथ रिस्पेक्ट टू, अ‍ॅज लाँग अ‍ॅज, इन टर्म्स ऑफ. प्रत्येकासमोर पुस्तकातलं वाक्य पूर्ण उतरवा आणि त्याखाली त्याच शब्दाचं, त्याच विषयातलं स्वतःचं एक वाक्य लिहा. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात सगळ्या शाखांमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या ५७० शब्दकुळांची (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) यादी प्रसिद्ध केली. ती नेटवर सहज मिळते. यादी पाठ करायची नाही. धड्यात अडलेला शब्द त्या यादीत असला तर तो वहीत घ्यायचाच, एवढ्यासाठी ती वापरा.

लांब वाक्य आलं की मराठीची सवय आड येते. आपलं मुख्य क्रियापद बहुतेक वेळा शेवटी असतं, म्हणून आपण वाक्य संपेपर्यंत अर्थाची वाट पाहतो. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येतं. वाक्य वाचताना आधी ‘कोण’ आणि लगेच ‘काय करतो’ हे दोन शब्द गोल करा. उरलेले तुकडे त्याभोवती बसवा. चार ओळींचं वाक्यही या पद्धतीने सुटतं.

तपासा: धडा संपला की पुस्तक मिटून जोडीदाराला तो मराठीत समजावून सांगा. हो, मराठीतच. मराठीत सांगता आला नाही तर तो समजलेला नाही, आणि न समजलेलं इंग्रजीत पाठ करणं म्हणजे वेळ घालवणं.

## पायरी ३: लेक्चर ऐकण्यासाठी कान तयार करा

लेक्चर न कळण्याची दोन कारणं असतात आणि मुलं ती एकत्र करून टाकतात. एक म्हणजे शब्दच माहीत नाही. दुसरं म्हणजे शब्द माहीत आहे, पण कानाला ओळखू येत नाही. दुसऱ्या पायरीनंतर पहिलं कारण बरंच कमी झालेलं असतं. आता दुसऱ्याकडे वळा.

एनपीटीईएल या उपक्रमात आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स यूट्यूबवर फुकट आहेत, आणि पुष्कळ कोर्सेसना लेखी उतारेही जोडलेले आहेत. बोलणारे भारतीय प्राध्यापक असल्यामुळे उच्चार तुमच्या वर्गातल्या सरांच्या जवळचे असतात. सुरुवातीला हॉलिवूडच्या सिनेमांपेक्षा हे कितीतरी कामाचं.

तुमच्याच धड्यावरचा पाच मिनिटांचा तुकडा निवडा, पूर्ण तासाचं लेक्चर नको. एकदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा उतारा समोर ठेवून ऐका आणि जे शब्द ऐकताना निसटले, पण वाचताना ओळखीचे निघाले, त्यांवर खूण करा. तिसऱ्यांदा वाक्यावाक्याला थांबून त्यांच्या मागोमाग मोठ्याने बोला. वेग ०.७५ वर ठेवायला हरकत नाही, पण आठवड्याभरात पूर्ववत करा.

खूण केलेल्या शब्दांत बहुतेक वेळा जोर चुकलेला आढळेल. मराठीत आपण शब्दातली अक्षरं जवळपास सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. ‘अ‍ॅनलाइझ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘अनॅलिसिस’मध्ये दुसऱ्यावर. ‘डिटर्मिन’ हा शब्द स्पेलिंगवरून ‘डिटरमाइन’ असा वाचणारी मुलं तो लेक्चरमध्ये ऐकून ओळखणार तरी कशी? प्रत्येक नवा शब्द कोशात पाहिला की त्याचा उच्चार ऐकल्याशिवाय कोश बंद करू नका.

वर्गातल्या नोट्स कोणत्या भाषेत घ्यायच्या? हाताला येईल त्या भाषेत. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी झालं तरी चालेल. पण त्याच संध्याकाळी त्यातल्या मुख्य मुद्द्यांच्या आठ-दहा ओळी पूर्ण इंग्रजी वाक्यांत उतरवा. हे काम दुसऱ्या दिवसावर टाकलं की नोट्स परक्या वाटू लागतात.

सावधान: लेक्चरच्या आधी दहा मिनिटं त्या दिवसाच्या धड्याची शीर्षकं न वाचता वर्गात जाऊन बसू नका. निम्मं समजणं त्या दहा मिनिटांवर ठरतं.

## पायरी ४: प्रश्न वाचायला आणि उत्तर लिहायला शिका

लिहायला बसण्याआधी प्रश्नपत्रिका हातात घ्या. वरच्या सूचनाच आधी नीट लावा: ‘अटेम्प्ट एनी थ्री’, ‘फिगर्स टू द राइट इंडिकेट फुल मार्क्स’, ‘अझ्यूम सूटेबल डेटा इफ नेसेसरी’. यातलं शेवटचं न कळल्यामुळे ‘गणितात माहिती अपुरी आहे’ म्हणून प्रश्न सोडून देणारे विद्यार्थी असतात. तिथे योग्य ती किंमत तुम्हीच धरायची असते, आणि ती धरल्याचं उत्तरात लिहायचं असतं.

मग प्रश्नातलं आज्ञेचं क्रियापद. ‘स्टेट’ म्हणजे नियम एक-दोन वाक्यांत सांगा, सिद्ध करू नका. ‘डिराइव्ह’ म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी सूत्रापर्यंत या. ‘डिस्टिंग्विश बिटवीन’ म्हणजे समोरासमोर मुद्दे मांडून फरक. दोघांची वेगवेगळी माहिती दिली तर तो फरक होत नाही. ‘जस्टिफाय’ म्हणजे दिलेलं विधान का बरोबर आहे याची कारणं. ‘इलस्ट्रेट’ दिसलं की मुलं नुसती आकृती काढतात, पण तिथे उदाहरण देऊन स्पष्ट करणं अपेक्षित असतं. तीन वर्षांच्या पेपरांतली अशी सगळी क्रियापदं एका पानावर काढा. फार होत नाहीत.

आता लिहिणं. पुस्तकातला पाच-सहा ओळींचा परिच्छेद दोनदा वाचा. सात-आठ महत्त्वाचे शब्द बाजूला टिपून घ्या. पुस्तक मिटा. त्या शब्दांवरून परिच्छेद स्वतः लिहा. मग पुस्तक उघडून ओळीला ओळ लावा आणि फरक लाल पेनाने दाखवा. पाठांतर आणि लेखन यांच्या मधला हा सराव आहे आणि माझ्या पाहण्यात याहून जास्त फायदा देणारा दुसरा सराव नाही. रोज एकच परिच्छेद करा.

लाल खुणा बघितल्या की मराठी भाषकांच्या ठरावीक चुका दिसू लागतील.

पहिली, भूतकाळाची. आपण सहज म्हणतो, ‘मी काल पुण्याला गेलो होतो.’ त्याचं होतं ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे.’ इंग्रजीत इथे साधं ‘आय वेंट’ लागतं. ‘हॅड’ तेव्हाच, जेव्हा दोन जुन्या घटनांपैकी आधीची कोणती हे दाखवायचं असतं. ही सवय इतकी खोल असते की प्रॅक्टिकलचं प्रत्येक वाक्य ‘वी हॅड टेकन’ने सुरू होतं.

दुसरी, ‘अ’ आणि ‘द’. मराठीत ही सोयच नाही, म्हणून ती गळतात. एकच साधा नियम धरा: मोजता येणारी एकच वस्तू पहिल्यांदा आली तर ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’, तीच पुन्हा आली तर ‘द’. ‘अ वायर इज कनेक्टेड... द वायर इज देन हीटेड.’ सगळे अपवाद शिकत बसू नका, एवढ्याने बरंच काम भागतं.

तिसरी, ‘की’चं भाषांतर. ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग’ असं इंग्रजीत होत नाही. ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.’ चौथी, ‘च’साठी ‘ओन्ली’: ‘आय लिव्ह हिअर ओन्ली’. आणि ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ काढून टाका.

जर्नलची भाषा वेगळी असते. तिथे कोणी केलं हे सहसा लिहीत नाहीत, काय केलं गेलं ते लिहितात: ‘द सोल्यूशन वॉज हीटेड फॉर टेन मिनिट्स.’ सीनियरचं जर्नल उतरवून काढण्याची प्रथा सगळीकडे आहे. त्यात तुमचा इंग्रजीचा सर्वांत सोपा सराव वाया जातो. निदान ‘ऑब्झर्व्हेशन’ आणि ‘कन्क्लूजन’ स्वतःच्या शब्दांत लिहा.

सावधान: गूगल ट्रान्सलेट किंवा एआय आधी वापरू नका. स्वतः लिहून झाल्यावर तेच वाक्य त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या, आणि काय बदललं व का, हे वहीत लिहा. उत्तरच त्याच्याकडून लिहून घेतलंत तर परीक्षेच्या हॉलमध्ये फोन बाहेर राहतो आणि हात कोरा असतो.

## पायरी ५: बोला, पण विषयावर

ज्याला आपण बोलायची भीती म्हणतो, तिच्यात पुष्कळदा बोलायला वाक्यंच नसणं हा मोठा भाग असतो. चौथ्या पायरीपर्यंत आलात तर तुमच्याकडे एका विषयाची वाक्यं आहेत. आता ती तोंडात बसवायची.

जोडीदार समोर बसवा. एक आकृती घ्या: सर्किट असो, पेशी असो, मागणी-पुरवठ्याचा आलेख असो. ती इंग्रजीत चार मिनिटं समजावून सांगा. मग तेच तीन मिनिटांत. मग दोन मिनिटांत. दर वेळी ऐकणारा बदलता आला तर उत्तमच. मजकूर तोच राहतो, म्हणून तिसऱ्या वेळी शब्द शोधावे लागत नाहीत आणि ओघ येतो. ऐकणाऱ्याने मध्ये टोकायचं नाही. तिन्ही वेळा झाल्यावर फक्त एक चूक सांगायची. फोनवर पहिली आणि तिसरी वेळ रेकॉर्ड करून लागोपाठ ऐका.

आरशासमोर ‘मायसेल्फ अमुक’ म्हणत स्वतःची ओळख घोकणं बंद करा. ‘माय नेम इज’ किंवा ‘आय अ‍ॅम’ एवढं पुरतं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) तुमच्या छंदांबद्दल विचारत नाहीत, समोरच्या प्रयोगाबद्दल विचारतात.

व्हायवासाठी तीन-चार वाक्यं मात्र पक्की हवीत. प्रश्न ऐकू आला नाही तर: ‘सर, कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ प्रश्न कळला का याची खात्री करायची तर: ‘मॅडम, आर यू आस्किंग अबाउट द प्रिन्सिपल ऑर द प्रोसीजर?’ विचार करायला वेळ हवा तर: ‘मे आय थिंक फॉर अ मोमेंट?’ उत्तर माहीत आहे, पण इंग्रजीत पुढे जाता येत नाही असं झालं, तर गप्प उभं राहू नका. ‘सर, मे आय एक्स्प्लेन धिस पार्ट इन मराठी?’ असं नम्रपणे विचारा. आपल्याकडचे पुष्कळसे परीक्षक हो म्हणतात. गप्प राहिलात तर मात्र तुम्हाला येत नाही असंच ते धरून चालतात. मराठीत सांगून झालं की शेवटचं एक वाक्य इंग्रजीत म्हणा, निदान निष्कर्षाचं.

तपासा: सबमिशनच्या आधी जोडीदाराला तुमच्या जर्नलमधल्या कोणत्याही तीन प्रयोगांवर प्रत्येकी दोन प्रश्न विचारायला सांगा. सहापैकी चार उत्तरं प्रत्येकी तीन पूर्ण वाक्यांत देता आली, तर पुढच्या सेमिस्टरला दुसरा विषय हाती घ्या आणि त्याची सुरुवात थेट दुसऱ्या पायरीपासून करा. चारपेक्षा कमी आली तर विषय बदलू नका. ज्या प्रयोगांवर अडलात त्यांचे परिच्छेद चौथ्या पायरीच्या पद्धतीने पुन्हा लिहा आणि आठवड्याने हीच चाचणी पुन्हा घ्या.